हिवरदरीचा काळा उतार

१

हिवरदरीचा माळ जळाला तेव्हा सेलूकर बाई हिमायतबागेत मुलांना मुंगळ्यांची वाट दाखवत होत्या.

"मुंगळा कुठे जातोय ते आधी बघायचं. का जातोय, ते मागाहून," त्या सांगत होत्या. "जो आधी 'का' विचारतो, तो मनातलं उत्तर घेऊन मोकळा होतो. मुंगळा राहतो बाजूलाच."

मुलं मातीत पालथी पडून बघत होती. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

कालिंदी सेलूकर यांनी गुलमंडीजवळच्या एका शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं. नोकरी संपली, शिकवणं संपलं नाही. दर रविवारी बागेत त्यांचा वर्ग भरे. शिवाय त्या माळराखण मंडळाच्या अध्यक्ष होत्या. शहराभोवतीचे गवताचे माळ राखायचे, एवढंच मंडळाचं काम. पण तेवढ्यासाठी त्यांनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ते त्यांच्या चपलांनाच ठाऊक.

फोन मंडळाच्या चिटणिसाचा, चिन्मयचा होता. तो वकील होता आणि नेहमीच घाईत असे.

"बाई, हिवरदरीचा माळ जाळला."

"जळाला की जाळला?"

"जाळला. रस्त्याकडचा सगळा उतार काळा केलाय. आणि समिती बुधवारी येतेय."

"बुधवारी? ती तर महिनाअखेरीला येणार होती."

"तारीख अलीकडे ओढलीय. मला दोन दिवसांपूर्वी कळलं. म्हटलं आज वर्ग संपला की तुम्हाला सांगू आणि दुपारी गावात जाऊन सगळ्यांना. त्याआधीच हे झालं."

बाईंनी मुंगळ्यांकडे पाहिलं. मुलांपैकी एकाने बोट आडवं धरलं होतं आणि रांग त्याला वळसा घालून निघाली होती.

"गाडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि एक कर, चिन्मय. मी बघेपर्यंत कुणाचं नाव घेऊ नकोस."

"नाव घ्यायला दुसरं आहे कोण, बाई?" चिन्मय म्हणाला. "कंपनीशिवाय?"

२

हर्सूल मागे टाकून गाडी फुलंब्रीच्या वाटेला लागली की थोड्या वेळाने उजव्या हाताला हिवरदरीचा फाटा लागतो. माळ गावाच्या डोक्यावर आहे. गायरान आहे ते, सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून लिहिलेलं.

पण गावाने हा पडीक माळ कधी पडू दिला नव्हता. तिथे कुऱ्हाडबंदी होती, चराईबंदी होती, आगबंदीही होती. दसरा होईपर्यंत माळावर विळा चालत नसे. मग घरटी गवत वाटून घ्यायचं, आणि मागचा अर्धा भाग मेंढरांना मोकळा. दुष्काळात आजूबाजूच्या गावांची जनावरं छावणीला गेली. हिवरदरीचं एक वासरू गावाबाहेर गेलं नाही. ही गोष्ट हिवरदरीचा माणूस पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो.

शुभ्रकिरण ऊर्जा नावाच्या कंपनीला याच माळावर सौरपट्ट्या मांडायच्या होत्या. सेलूकर बाईंचा सौर विजेला विरोध नव्हता. त्यांच्या घरावर ती कधीचीच होती. "पण सूर्य काही फक्त माळावर उगवत नाही," असं त्या प्रत्येक सभेत सांगत. "वाळूजच्या कारखान्यांची एवढी छपरं आहेत. त्यांच्यावरही ऊन पडतं." मंडळाने हरकत घेतली, तेव्हा शासनाने पाहणी समिती नेमली. माळ जिवंत आहे की पडीक, हे ती डोळ्यांनी बघून ठरवणार होती.

आणि आता बघायला उरली होती राख.

पायथ्याशी निम्मं गाव जमलं होतं. सगळे एकदम बोलत होते. फक्त एक बाई काठी टेकून गप्प उभी होती. ती मनकर्णाबाई. गावच्या गवत राखण समितीची प्रमुख, सत्तरी ओलांडलेली, पण पाठ अजून ताठ. माळावर कुणाचं जनावर शिरलं तर ते ती स्वतः हाकलत चावडीवर आणी, मग ते जनावर सख्ख्या भावाचं का असेना.

"मनकर्णाबाई, कधी लागली आग?" बाईंनी विचारलं.

"तांबडं फुटायच्या टायमाला. लई भडकली नाय. दिवस वर आला तवा इझली बी."

त्यांचा आवाज कोरडा होता. भोवतीच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मनकर्णाबाई काळ्या उताराकडे अशा बघत होत्या जशी एखादी चुलीवरच्या तव्याकडे बघते.

चिन्मय दगडावर चढला. "मंडळी, आणखी एक सांगायचंय. समिती महिनाअखेरीला नाही, येत्या बुधवारीच येतेय."

गलका झाला. कुणी कंपनीच्या नावाने बोटं मोडली, कुणी कंपनीला जमीन द्यायला निघालेल्या गावातल्याच विश्वजीतच्या. मनकर्णाबाईंच्या हातातली काठी सुटली. त्या मटकन खाली दगडावर बसल्या.

"बुधवारी?" त्या म्हणाल्या. "ह्या बुधवारी?"

"हो, आक्का."

 बाईंनी काठी उचलून मनकर्णाबाईंच्या हातात दिली. 

३

सेलूकर बाई एकट्याच उतारावर गेल्या. मुलांना शिकवतात तसं त्यांनी स्वतःलाही बजावलं, की आधी 'कुठे', मग 'का'.

माळाच्या दोन बाजू होत्या. रस्त्यावरून दिसणारा पुढचा उतार काळा होता. कडा ओलांडून मागे गेलं की गवत जसंच्या तसं, कमरेएवढं, वाळून सोनेरी झालेलं. कड्यावर दोन्हींच्या मधोमध बैलगाडीच्या रुंदीची एक पट्टी होती, खरवडून साफ केलेली. आगीने ती ओलांडली नव्हती.

बाई खैराच्या झाडाशी थांबल्या. खोडावरची काजळी त्यांच्या गुडघ्याच्याही खाली संपली होती. पायथ्याकडून लावलेली आग वाऱ्यासारखी वर धावते आणि झाडाच्या शेंड्याला चाटते. ही आग वरून लावली होती. ती रांगत खाली उतरली होती, बाळासारखी.

थोडं पुढे उतारावर खोकडाचं बीळ होतं. बाईंच्या वर्गातल्या मुलांनी ते मागच्या हिवाळ्यात लांबून पाहिलं होतं. बिळाच्या भोवती गवत विळ्याने गोल कापलेलं होतं आणि आग त्या गोलाच्या कडेला येऊन मेली होती. कापलेल्या गवताच्या पेंढ्या एका खडकावर नीट रचून ठेवलेल्या. बोरीच्या चार लहान झाडांभोवतीही तसेच गोल.

बाईंनी राखेत हात घातला. वर ऊब होती, खाली माती गार आणि ओलसर. गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता.

"काय सापडलं?" खालून चिन्मयने विचारलं.

"जळलं नाही ते सापडलं," बाई म्हणाल्या.

चिन्मयला त्याचा काही बोध झाला नाही. त्याने कंपनीवर आरोप करणारं निवेदन कागदावर लिहूनही टाकलं होतं, आणि उद्या सकाळी वर्तमानपत्रांना द्यायचं होतं. बाईंनी मंगळवारपर्यंत वेळ मागून घेतला.

"मंगळवारी नाही निघालं, तर देशील," त्या म्हणाल्या. "पण आरोप खोटा निघाला, तर बुधवारी समिती आपलं खरंही ऐकणार नाही. माळ त्यातच जाईल."

४

बद्रीनाथ वनरक्षक होता. माळाच्या पलीकडचं जंगल त्याच्याकडे. उन्हाळ्याआधी जंगलाच्या हद्दीवर पट्टा जाळून ठेवायचा, म्हणजे वणवा आत शिरत नाही. त्याला जाळरेषा म्हणतात. गावातले काही जण म्हणत होते, बद्रीनाथने जाळरेषा मारताना आग हातची सोडली.

"बाई, तुम्हीच बघितली ना ती कड्यावरची पट्टी?" तो म्हणाला. "एक काडी ऱ्हायली नाय तिच्यात. आमचं काम इतकं साफ असतं व्हय? मला दोन मजूर भेटत्यात, त्यातला एक तमाखूच मळत बसतो."

"समिती बुधवारी येणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"ऑफिसात निरोप आला तवाच. गाडीची येवस्था माझ्याकडंच हाय ना."

"गावात बोललात कुणाला?"

"सायबांनी सांगितलं, बोभाटा करू नका. मी कशाला बोलतोय? आधीच माझी बदली लटकलीय."

दुसरा संशयित होता विश्वजीत. मनकर्णाबाईंच्या दिराचा मुलगा. माळाला लागून असलेली आपली मुरमाड जमीन त्याने कंपनीला भाड्याने द्यायची तयारी दाखवली होती, आणि त्या दिवसापासून चुलती त्याच्याशी बोलत नव्हती. गावाने ठरवलं होतं, समिती येण्याआधी विश्वजीतच्या नावाने पोलिसांत फिर्याद द्यायची.

तो आपल्या वावराच्या कडेला मंडपवाल्याशी बोलत उभा होता. बांबू उतरवले जात होते.

"मंडप कशाचा?" बाईंनी विचारलं.

"समितीचा. सावली नको व्हय साहेबलोकांना? मॅडम, मीच जाळलं असं तुम्हालाबी वाटतं?"

"मला अजून काहीच वाटत नाही. बुधवार तुला कुणी सांगितला?"

"कंपनीच्या आकाशभाऊंनी. शुक्रवारीच. तवाच मंडप सांगून टाकला."

"चुलतीला सांगितलं नाहीस?"

विश्वजीत हसला, पण त्याला ते हसू जड गेलं. "चुलती मला बघितलं की तोंड फिरवते. तिला सांगणार कोण, भिंत?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "जमीन माझी आहे, मॅडम. तिच्यात मटकीबी येत नाय. मी माळ विकला नाय. ह्या माळाचं गवत खाऊन आमच्या म्हशींनी मला शिकवलं. पण हे ऐकायला कुणाला वेळ आहे?"

"आग लागली तेव्हा कुठे होतास?"

"झोपलेलो. साक्षीदार म्हणाल तर बायको. ती म्हणेल, घोरत होता."

तिसरा आकाश. सोमवारी बाई आणि चिन्मय क्रांती चौकाजवळच्या कंपनीच्या कचेरीत गेले. आकाश तरुण होता, नीटस, आणि भांडायच्या तयारीत बसला होता.

"आरोप करणार असाल तर कोर्टात भेटू," तो चिन्मयला म्हणाला.

"आरोप नंतर," बाई म्हणाल्या. "मला आधी एक शिकव. छपरं सोडून तुम्ही माळावर का येता?"

आकाशला या प्रश्नाची सवय नव्हती.  "मॅडम, खरं सांगू? शंभर छपरं म्हणजे शंभर मालक. शंभर सह्या, शंभर वकील. माळाला एकच सही लागते, सरकारची. पडीक लिहिलेल्या जागेला कुणी मालक नसतो."

"म्हणून ती स्वस्त."

"म्हणून ती सोपी. आणि जाळून आम्हाला काय मिळणार? तुमच्या काळ्या माळाचा फोटो छापून आला की काळं आमच्याच तोंडाला लागतं. आम्हाला तो वाळलेला, पिवळाच बरा होता. शहरातला माणूस पिवळं गवत बघतो आणि म्हणतो, इथे काही नाही."



"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या.

"काय?"

"राहू दे. मला ऐकू आलं." त्या उठल्या. "चिन्मय, चल. कुणी जाळलं ते मला कळलंय असं वाटतंय. आणि ते आपल्याला आवडणार नाही."

५

मंगळवारी दुपारी हिवरदरीच्या शाळेच्या ओसरीत गाव जमलं. बद्रीनाथ खांबाला टेकून उभा होता. विश्वजीत एकटाच पायरीवर बसला होता, त्याच्या शेजारची जागा सगळ्यांनी मोकळी सोडलेली. मनकर्णाबाई पुढे, ताठ. चिन्मय बाईंच्या मागे, खिशातल्या निवेदनावर हात ठेवून.

"मी शिक्षिका आहे," सेलूकर बाई म्हणाल्या. "मला उत्तर सांगायला आवडत नाही. गणित सांगते, तुम्ही सोडवा. माळाचा नाश करायचा असेल तर आग कुठून लावाल?"

"खालून," तीन-चार जण म्हणाले.

"ही वरून लावली. कड्यावर आधी पट्टी साफ केली, म्हणजे मागच्या गवताला झळ लागू नये. खोकडाच्या बिळाभोवती गवत कापलं. बोरी वाचवल्या. कापलेलं गवतसुद्धा वाया घालवलं नाही, पेंढ्या बांधल्या. असा दुश्मन तुम्ही पाहिलाय का कधी?"

ओसरीत चुळबुळ झाली.

"जाळणाऱ्याचा माळावर जीव आहे. मग जीव असलेला माणूस माळ का जाळेल? तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूर्वी हिवाळ्यात पाऊस झाला की ओल बघून डोंगर का पेटवायचे?"

मागे बसलेल्या गोजरबाई दात नसलेल्या तोंडाने म्हणाल्या, "हिरवं फुटाया. वाळकं जाळलं की खालून कवळं येतं. पोपटावानी."

"किती दिवसांत?"

"ओल असंल तर दोन-तीन आठवडे धर की."

"म्हणजे जाळणाऱ्याला माळ काळा दाखवायचा नव्हता. हिरवा दाखवायचा होता. कागदावर पडीक लिहिलंय. साहेब येणार, पिवळं गवत बघणार आणि म्हणणार, बरोबर लिहिलंय. म्हणून रस्त्यावरून दिसणारा उतारच तेवढा जाळला."  मुलांना विचार करायला द्यावा तेवढा वेळ बाईंनी दिला. "आता शेवटची पायरी. तीन आठवड्यांत हिरवं व्हायचं असेल आणि समिती तीन दिवसांवर असेल, तर असं कोण करेल?"

"कुणीच न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खांबापासून सुटा झाला. "ज्याला बुधवार ठाऊक नाय, तोच."

"बद्रीनाथना ठाऊक होता. आकाशला ठाऊक होता. चिन्मयला होता. आणि विश्वजीतने तर शुक्रवारीच मंडप सांगितला. चौघंही सुटले. ज्या तारखेने आपल्याला घाबरवलं, तिनेच त्यांना सोडवलं."

पायरीवर विश्वजीतने मान वर केली.

"रविवारी मी पायथ्याशी आले," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांना दुःख आगीचं झालं होतं. एकाच माणसाला ते तारखेचं झालं."

पुढे त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. मनकर्णाबाई काठी टेकून उठल्या.

"म्या लावली," त्या म्हणाल्या.

६



"पाव्हणा यायचा असला की आपण काय करतो, गं बायांनो?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "सारवतो की नाय? शेणानं सारवलं की दोन दिवस घर काळंशार दिसतं, मंग वाळलं की कसं उजळतं. म्या माळ सारवाया गेले. एकलीनं. चार रोज पहाटं पट्टी खरवडली, मंग आग लावली. कुणाला इचारलं नाय, कारण इचारलं असतं तर बंदी मोडली म्हणून म्याच नाय म्हणले असते." त्यांनी काठी घट्ट धरली. "बुधवार म्हायती नव्हता मला."

"मग आक्का, रविवारीच का नाही सांगितलं?" चिन्मयने विचारलं.

"कसं सांगू? राखणदारानंच जाळला म्हणलं तर माळ गेलाच की. म्हणलं माझं तोंड बंद ऱ्हाऊ दे, माळ ऱ्हाईल." त्यांनी विश्वजीतकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं असेल. "ह्याच्या नावानं फिर्याद टाकणार, हे आत्ता हितं आल्यावर कळलं. कळलं तवाच उठणार व्हते. बाईंचं गणित संपायची वाट बघत व्हते."

 विश्वजीतने मान खाली घातली, पण ती लाजेने नव्हती.

चिन्मयने बाईंना बाजूला घेतलं. "बाई, हे गावातच राहू दे. समितीला सांगायचं, वणवा लागला, कारण अज्ञात. खोटं नाही ते. राखणाऱ्यांनीच जाळला म्हटलं तर उद्याच माळ गेला."

त्याचा आवाज कुजबुजीचा होता, पण मनकर्णाबाईंचे कान पाठीइतकेच धड होते.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "माळ आमचा हाय. खोटं बोलून राखायला काय चोरून आणलाय व्हय? उद्या मीच सांगते. तू फकस्त साहेबांच्या पुढं मला उभं कर."

चिन्मयने सेलूकर बाईंकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. वर्गात एखादं मूल फळ्याकडे चालू लागलं की त्या अशाच गप्प होत.

त्याने निवेदन खिशातून काढलं आणि फाडून टाकलं.

७

बुधवारी समिती आली. अध्यक्ष एक सावकाश बोलणारे गृहस्थ होते, बरोबर दोन अधिकारी आणि आकाश. गाडीतून उतरताच त्यांनी काळ्या उताराकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

"थांबा, साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आधी माझं ऐका. मंग लिवा."

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि आवाजही खाली आणला नाही.

अध्यक्षांनी पेन थांबवलं. "पण आजी, वाळलेलं गवत दाखवायला हरकत काय होती?"

"तुमच्याच कागदात पडीक लिवलंय नव्हं? आमच्या घराला कुणी उकिरडा म्हणलं, तर पाव्हणा यायच्या आधी आम्ही झाडतोच." त्यांनी काठी उचलली. "चला वर. न झाडलेलं बी दावते."

साहेबांना चढ नकोसा होता, पण काठी पुढे निघाली होती आणि तिच्या मागे अख्खं गाव. सगळे राखेतून वर गेले. कडा आला आणि अध्यक्ष थांबले.

पलीकडे गवत होतं. कमरेएवढं, उन्हात सोन्यासारखं, वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होणारं. खाली मेंढरं चरत होती. कुणाच्या तरी पावलाखालून चंडोल उडाला आणि सरळ वर, गात गात, दिसेनासा झाला. अध्यक्ष मान वर करून बघत राहिले. थोड्या वेळाने आवाज तेवढा उरला.

"हा मारवेल," मनकर्णाबाई एकेका गवताला हात लावत पुढे चालल्या. "हा पवना. ही कुसळी, ही मेंढराच्या लोकरीत शिरते म्हणून तिला शिव्या देतो, पण ती जमीन धरते. दुस्काळात हे सगळं असंच पिवळं व्हतं, साहेब, आन ह्यावरच आमची जनावरं जगली. पिवळं म्हंजे मेलेलं नाय. पिवळं म्हंजे साठवलेलं."

सेलूकर बाई मागेच उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी कितीतरी धडे दिले होते. आज धडा ऐकण्याची पाळी त्यांची होती आणि त्यांना ती फार आवडली. त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडलं, तेही आकाशने छपरांच्या शंभर सह्यांचं पुन्हा सांगितलं तेव्हा.

"सह्या ह्या माळावरही आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्हाला त्या वाचता येत नव्हत्या. शंभर मालकांकडे जायचा कंटाळा, म्हणून एका गावाचा माळ घ्यायचा, हे धोरण झालं का? छपरांच्या सह्या आम्ही मिळवून देऊ. मंडळातली माणसं चपला झिजवण्यात तरबेज आहेत."

एक अधिकारी हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी राखेकडे बोट दाखवलं. "आणि हे? राखण समितीच्या प्रमुखांनीच बंदी मोडली. ह्याचं काय?"

"त्याला आमचा दंड हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बंदी मोडणारानं पुढच्या दसऱ्यापोतर माळाची राखण करायची. लहानमोठा बघायचा नाय. मी आजपासनं बसते."

"आणि तुम्ही बसलात की नाही, ते कोण बघणार?"

गाव एकमेकांकडे बघू लागलं. मनकर्णाबाईंनी मागे वळून बोट केलं.

"हा. विश्वजीत. ह्याच्यावर आळ आला व्हता, तवा हक्क बी ह्याचाच."

८

समितीचा निर्णय चैत्रात आला. हिवरदरीच्या माळापुढचा 'पडीक' शब्द काढून 'गवताळ गायरान' लिहावं, आणि सौरपट्ट्यांसाठी आधी कारखान्यांच्या छपरांची पाहणी करावी, अशी शिफारस होती. विश्वजीतच्या मुरमाड जमिनीवर पट्ट्या मांडायला समितीची ना नव्हती; सेलूकर बाईंचीही नव्हती. चिन्मयने शिफारशीची प्रत चौकट करून मंडळाच्या भिंतीवर लावली आणि पहिल्या छपराच्या मालकाला फोन करायला बसला.

पाऊस लागून माळ पुन्हा हिरवा झाला, तेव्हा बाई वर्गातली सगळी मुलं घेऊन हिवरदरीला गेल्या. कड्यावर, खैराच्या सावलीत, मनकर्णाबाई काठी आडवी ठेवून बसल्या होत्या. विश्वजीत त्यांची हजेरी बघायला नुकताच चढून आला होता.

"बसलीस व्हय, चुलती?" तो म्हणाला. "बरं. हजेरी लागली. जातो मी."

"जातोस कुठं? सकाळच्याला दोन शेळ्या गवतात शिरल्या. म्या बांधून ठिवल्यात त्या बोरीखाली."

"कुणाच्या?"

"जाऊन बघ."

तो गेला. बघून आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "त्या माझ्याच हायेत."

"मंग दंड म्हायती हाय ना?"

मुलं बघत होती. विश्वजीतने बाईंकडे पाहिलं, जणू सुटकेचा काही कायदा त्यांना ठाऊक असेल. बाईंनी मान हलवली. असा कायदा नव्हता.

मनकर्णाबाई सावलीत थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

"दसऱ्यापोतर," त्या म्हणाल्या. "बस हितं."

तो बसला.